आधी ‘बरं हाय’ म्हण

सांगलीत राहणाऱ्या माणसाला कॅलेंडर नसलं तरी चालतं. माघ उतरणीला लागला की मार्केट यार्डाकडून येणारा वारा हळदीचा वास घेऊन येतो, आणि विश्रामबागेत कॉलेजच्या ग्रंथालयात नोंदवही उघडून बसलेल्या माझ्या नाकात तो असा शिरतो की दिवसभर काही सुचत नाही. हा वाळलेल्या हळदीचा वास. पोत्यातला, कोरडा, जरा धुळकट. मला त्याच्यामागे लगेच दुसरा वास येतो. शिजणाऱ्या हळदीचा. ओला, मातकट, किंचित गोडसर. पाटणच्या अलीकडे आमच्या माहेरच्या खळ्यात तो या दिवसांत इतका भरून असतो की अंथरुणाला, केसांना, चहालाही येतो.

पूर्वी हा वास आला की मी आईला फोन लावायचे, “शिजवायला काढली का गं?” म्हणून. गेली दोन वर्षं मात्र वास आला की मी आधी फोन घटकाभर नुसता हातात धरून बसते आणि मग लावते. याला कारण टीव्हीवरची एक मालिका आहे, असं सांगितलं तर लोक हसतात. हसोत बापडे. मीही आधी हसलेच होते.

मुळात मी शेवट न सांगणाऱ्यांच्या पंथातली. त्यातही कट्टर. आमच्या ग्रंथालयात रहस्यकथांचं एक कपाट आहे आणि त्या कपाटाची राखण मी पोटच्या पोरासारखी केली आहे. मध्यंतरी कुणीतरी त्यातल्या पुस्तकांत नवव्या-दहाव्या पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहून ठेवायला लागलं, ‘खून मामाने केला.’ दुसऱ्या पुस्तकात, ‘डॉक्टरवर विश्वास ठेवू नये.’ मी खोडरबर घेऊन सहा महिने त्या माणसाच्या मागावर होते. सापडले ते आमच्याच कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर. मी त्यांना वयाचा मुलाहिजा न ठेवता फैलावर घेतलं. सर शांतपणे म्हणाले, “मॅडम, पुस्तक संपेपर्यंत मी असेन याची खात्री मला कुणी देत नाही. म्हणून मी आधी शेवट वाचतो. मग वाटलं, माझ्यासारखे आणखी असतील, त्यांची सोय करावी.” मी त्यांचं कार्ड जप्त केलं नाही, पण पेन्सिल केली.

घरी माझी लेक मुक्ता. ती मोबाइलवर कसल्या कसल्या मालिका बघते आणि कुणी त्याबद्दल बोलायला लागलं की दोन्ही कानांत बोटं घालून ओरडते, “स्पॉयलर नको! स्पॉयलर नको!” मला तिचा अभिमान वाटायचा. रक्ताचं नातं म्हणतात ते हेच, असं वाटायचं.

आणि आई? आई पलीकडच्या पंथाची. आधी शेवट हवा, मग गोष्ट. संध्याकाळी साडेसातची मालिका आणि दुपारी दोनला तिचा मला फोन. “बघ गं त्या फोनात, ती सून घर सोडती का?”

“आई, संध्याकाळी कळेलच की.”

“कळंल तवा कळंल. मला आत्ता सांग.”

“पी हळद आणि हो गोरी, असं नको गं करूस.”

“तू मला हळद शिकवू नगंस,” ती म्हणायची. पन्नास वर्षं हळद पिकवलेल्या बाईला यावर काय उत्तर देणार? मग मी निमूटपणे मालिकांच्या पुढच्या भागांच्या बातम्या देणारी फोनवरची पानं उघडायचे आणि जे असेल ते वाचून दाखवायचे. एकदा मी तिला विचारलंच, सगळं आधी कळल्यावर बघायचं काय उरतं? ती म्हणाली, “आगं, म्हाईत असलं की निवांत बघाय येतं. न्हाईतर समदा येळ काळजात धाडधाड. मग तिचं लुगडं कसलं हाय, तिनं सैपाक काय केला, सासूचं डोळं कसं फिरत्यात, ह्ये बघू कवा?”

हे मला पटलं नव्हतं, पण खोडताही येत नव्हतं. प्रतापगडावर काय घडलं हे ठाऊक नसलेलं पोर साऱ्या सातारा जिल्ह्यात सापडायचं नाही. तरी जत्रेत पोवाडा चालू असताना शामियान्यातली ती भेट जवळ आली की मांडवातली माणसं बिडी विझवून पुढे सरकतात. म्हणजे शेवट माहीत असून ओढ राहते. मग मी खोडरबर घेऊन कशाला फिरत होते? इथपर्यंत आलं की माझं डोकं गरगरतं आणि मी पुस्तकं लावायला लागते.

आईच्या या सवयीचं मूळ टीव्हीत नाही. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. माझे वडील होते, आता धाकटा भाऊ संतोष आहे. मी चार-पाच वर्षांची असताना वडिलांची तार आली. पोस्टमन गणूतात्या. तार इंग्रजीत, तात्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी कागद आईच्या हातात दिला आणि ते पुढच्या वाडीला निघून गेले. त्या दिवशी गावातले मास्तर नेमके पाटणला. आई तो कागद मुठीत धरून, मला काखेला मारून, शेजारच्या गावच्या मास्तरांकडे चालत गेली. तास-दीड तासाची वाट. मला त्यातलं एवढंच आठवतं, की ती एकदाही माझ्याशी बोलली नाही आणि तिच्या मुठीतल्या घामाने कागद ओला झाला होता. मास्तरांनी वाचलं, “रजा मंजूर. रविवारी पोचतो.” तशी आई त्यांच्या ओसरीवर खाली बसली आणि रडली. चांगली बातमी ऐकून माणूस एवढं का रडतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने गणूतात्यांना रस्त्यात गाठलं. “आवं तात्या, हितनं फुडं तार आनायच्या आधी पोस्टात इचारून या, काय लिवलंय त्ये. आन् गल्लीच्या तोंडालाच वरडून सांगायचं, ‘बरं हाय.’ मग कागुद द्यायचा.”

“आवं पर वहिनी, ती सरकारी तार...”

“सरकारी असंल. धनी माझा हाय.”

तात्यांनी ते ऐकलं. पुढे गल्लीच्या तोंडापासून त्यांची आरोळी यायची, “बरं हाय वो!” आणि मग ते सावकाश कागद काढायचे. बघता बघता गावाची रीतच झाली. आजही आमच्या गावचा माणूस फोन करतो तेव्हा ‘हॅलो’च्या आधी ‘बरं हाय’ म्हणतो. “बरं हाय. म्हस व्याली.” “बरं हाय. चुलत्याचा पाय मोडला.” पाय मोडला तर बरं कसं, असं कुणी विचारत नाही. जीव शाबूत आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि तेवढं पहिलं वाक्य खरंच असायला पाहिजे. तेवढ्यापुरतं गावात कुणी कधी खोटं बोलत नाही. गणूतात्या सगळ्या नोकरीत एकदाच गल्लीत गप आले होते. आरोळी नाही म्हटल्यावर सगळ्या बायका आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि ते कुठल्या दाराशी थांबतात एवढंच बघायचं राहिलं. ते घर आमच्यापासून चौथं.

तर त्या वर्षीचा, म्हणजे दोन वर्षांमागचा हंगाम. हळद चांगली आली होती. संतोषला रजा नव्हती, तो वर बर्फातल्या कुठल्यातरी चौकीवर. भावजय मुलांच्या शाळेपायी पुण्याला. म्हणून मी आठवडाभर रजा टाकून गावी गेले. खळ्यात बायका गोल बसून गड्ड्यापासून हळकुंडं मोडत होत्या, एकीकडे वाफेच्या कुकरात हळद शिजत होती, आणि आई मधून मधून एक हळकुंड काढून त्यात काडी टोचून बघत होती. काडी आरपार गेली की हळद शिजली. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे. ऊन असं कोवळं, की पाठ शेकत बसावं. आठवण म्हणून तो आठवडा मला हवा आहे आणि नकोही आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तेव्हा आईची मालिका होती ती एका फौजीच्या घराची. त्यातला जवान अभय. आईने त्याला ‘आपला अभय’ करून टाकलं होतं. हळद मोडता मोडता बायका त्याचीच चर्चा करायच्या. तर हा अभय मोहिमेवर जातो आणि बेपत्ता होतो. चार दिवस मालिकेत नुसती शोधाशोध आणि त्याच्या आईचं देवघरात बसणं. आणि त्याच चार दिवसांत आमच्या संतोषचाही फोन नाही. असं पूर्वीही व्हायचं. वर बर्फ पडला की आठ-आठ दिवस फोन लागत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. आई त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. ती फक्त अभयबद्दल बोलायची.

पाचव्या दिवशी दुपारी, पिवळे हात पदराला पुसत ती माझ्यापाशी येऊन बसली. “बघ गं जरा फोनात. आपला अभय येतोय का?”

मी बघितलं. अभयचं काम करणाऱ्या नटाने मालिका सोडली होती. रविवारी एक तासाचा खास भाग होता आणि त्यात तिरंग्यात गुंडाळलेला अभय घरी येणार होता. अंगणाचा फोटोसुद्धा होता. तुळशीवृंदावन, माणसांची गर्दी, आणि मधे ती पेटी.

मी मान वर केली. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या कपाळावर घामाने हळद चिकटली होती. मी म्हटलं, “येतो.”

“नक्की?”

“हो गं. येतो.”

का म्हटलं? दहा वेळा विचार केला आहे आणि दहा वेगळी उत्तरं दिली आहेत. तिला त्या घडीला दुसरं काही सांगता आलं नसतं, हे एक. मालिकेचा शेवट आधी कळू नये हे माझं जुनं तत्त्व होतं, हे दुसरं. पण मग ‘मला माहीत नाही’ म्हणता आलं असतं. मीच घाबरले होते हे तिसरं. बहुतेक तिसरंच खरं.

तिचा चेहरा असा उलगडला, की मला वाटलं केलं ते बरंच केलं. ती उठून खळ्यात गेली आणि मोठ्याने म्हणाली, “येतंय गं बायांनो पोरगं! रईवारी समद्याजनी आमच्याकडं या बघाय.” बायकांनी आनंदाने एकच गलका केला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. आता रविवारपर्यंत दोन दिवस होते आणि सांगायला दोन दिवसांत शंभर वेळा सवड होती. अंगणात हळद पसरताना, पाणी शेंदताना, जेवताना. प्रत्येक वेळी मी तोंड उघडायचे आणि विचारायचे, “भाजीत मीठ कमी आहे का?”

तेव्हा मला एक कळलं. शेवट माहीत असणारा माणूस निवांत बघतो हे आईचं म्हणणं खरं असेल, पण ते सगळ्यांना माहीत असेल तर. एकट्यालाच माहीत असेल तर तो माणूस गोष्टीच्या बाहेर पडतो आणि बाकीचे आत हसत असतात.

रविवारी आईने शेवयांची खीर केली. पंधरा-सोळा बायका आल्या, ओसरी भरली. एरवी आमच्या गावची वीज डोळा मिटायच्या आत जाते. त्या दिवशी मी मनातल्या मनात ग्रामदैवताला नारळ बोलले, की वीज जाऊ दे. गेली नाही. वारा सुटेल, डिश हलेल, असं वाटलं. पानसुद्धा हललं नाही. मालिका सुरू झाली. अभयच्या आईने दाराला तोरण बांधलं. आमच्या आईने खिरीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. मग दूरवर बिगुल वाजला.

बायका एकेक करून रडायला लागल्या. कुणी पदर तोंडात घातला. चौथ्या घरातली म्हातारी उठून निघून गेली, ती तर मला अजून दिसते. आई रडली नाही. तिने पातेल्यावर झाकण परत ठेवलं, नीट, आवाज न करता. सगळ्या बायका गेल्यावर ती माझ्यासमोर बसली.

“तुला ठावं हुतं?”

“हो.”

“मग म्या बायास्नी बोलावलं तवा बी गप बसलीस?”

“तुला वाईट वाटू नये म्हणून...”

“वाईट वाटू दे की! मालिकंचं काय, त्यो काय खरा हाय?” तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. “पर पोरी, म्या तुला शेवट इचारला. आन् तू बरं हाय म्हनलीस. उद्या संतोषचं काय आलं, आन् तू बरं हाय म्हनलीस, तर म्या काय समजू?”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. माझ्या डोक्यात टीव्ही आणि घर हे दोन वेगळे कप्पे होते. तिच्याकडे ते तसे नव्हते. पहिलं वाक्य खरं असतं, ही तिने स्वतः चालत जाऊन, भांडून मिळवलेली रीत. ती मी एका नटापायी मोडून ठेवली.

दुसऱ्या दिवशी रजा संपली. मी सांगलीला आले. तिसऱ्या दिवशी सकाळी संतोषचा फोन आला. त्याने आधी आईलाच लावला होता हे मागाहून कळलं, पण ती अंगणात हळद पसरत होती आणि फोन घरात फळीवर. मग बायकोला, तिनेही उचलला नाही, मग मला. आवाज घोगरा, पण हसरा. “बर्फ हुता गं. बरं हाय. हळद झाली का?” एवढंच म्हणाला आणि लाइन गेली. मी लगेच आईला लावला, पुन्हा पुन्हा लावला. पाचव्यांदा तिने उचलला.

“आई, बरं हाय! संतोषचा फोन आला होता.”

पलीकडून फक्त कोंबड्यांचा आवाज येत होता.

“काय म्हनला?”

“बरा आहे. बर्फ पडला होता म्हणून फोन नव्हता. हळद झाली का म्हणून विचारत होता.”

“खरं?”

“खरं गं आई. शपथ.”

“अभय येतोय म्हनलीस तवा बी असंच म्हनली हुतीस,” ती म्हणाली. “ह्याच आवाजात.” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास ग्रंथालयाच्या दारात शिपायाचा आवाज आला, “मावशी, कार्ड हाय का?” मी मान वर केली तर दारात आई. अंगणात हळद वाळत टाकून, पहाटेच्या एसटीने कराड, तिथून दुसऱ्या गाडीने सांगली. जी बाई वाळत घातलेल्या हळदीला कावळ्याच्या भरवशावर घटकाभर सोडत नाही, ती. ती सरळ माझ्या टेबलापाशी आली. वाचणारी पोरं माना वर करून बघायला लागली. तिने टेबलावरून हात पुढे करून माझी हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि बघत राहिली. किती वेळ, सांगता येत नाही. मी फक्त तिच्या डोळ्यांत बघत होते आणि मनात म्हणत होते, खरं आहे, आई, खरं आहे.

“पटलं,” ती म्हणाली. “पानी दे.”

ती पाणी प्यायली, पंख्याखाली पाच मिनिटं बसली आणि हळदीसाठी परतीच्या गाडीने निघूनही गेली. जेवायलासुद्धा थांबली नाही. संध्याकाळी घरी आरशात बघितलं तर हनुवटीवर पिवळी बोटं उमटलेली. हळदीचा डाग पहिल्या धुण्यात जात नाही. मी धुतलाही नाही.

तेव्हापासून आईने मला कुठल्याही मालिकेचा शेवट विचारला नाही. नवीन मालिका लागल्या, संपल्या. मी आपणहून विचारायचे, “सांगू का पुढे काय होतं ते?” ती म्हणायची, “नगं. हुईल तवा बघू.” म्हणजे ती माझ्या पंथात आली होती. माझा विजय झाला होता म्हणायचा. आणि मला त्या विजयाने इतकं वाईट वाटत होतं, की मी ग्रंथालयातल्या त्या सरांना एकदा बोलावून त्यांची पेन्सिल परत केली. ते गोंधळले. “मॅडम, मग आता लिहायची परवानगी आहे का?” मी म्हटलं, “नाही. पण खरं तरी लिहीत होता तुम्ही.” मला काय म्हणायचं होतं ते मलाच नीट कळलं नाही, त्यांना कुठून कळणार?

शेवट आधी कळावा की कळू नये, हे मला अजून ठरवता येत नाही. मुक्ता म्हणते, “आई, किती विचार करतेस? आपापली आवड असते.” असेल. पण आवडीनिवडीचा प्रश्न एवढा छातीवर बसत नाही. कधी वाटतं, शेवट न कळणं ही ज्यांच्या घरी गणूतात्या गप येत नाहीत त्यांची चैन आहे. कधी वाटतं, तसं नाही. ज्यांच्या घरी ते येऊ शकतात त्यांनीही कधीतरी नुसतं, काही न कळता, धाडधाडत्या काळजाने एखादी खोटी गोष्ट बघावी. दोन्ही खरं वाटतं आणि दोन्हींवर पाय ठेवून उभं राहता येत नाही.

या वर्षी वास आला तेव्हा मी फोन करायच्या आतच आईचा फोन आला. मागच्या आठवड्यातली गोष्ट. “बरं हाय,” ती म्हणाली. “शिजवाय काढलीया. तू यंदा येऊ नगंस, बाया हायत भरपूर.” इकडचं तिकडचं बोलली आणि ठेवला.

फोन ठेवला आणि मला ते ‘येऊ नगंस’ खुपायला लागलं. माझी आई आयुष्यात मला कधी येऊ नको म्हणालेली नाही. तिनेच घातलेली रीत, तिचंच पहिलं वाक्य, आणि माझा त्यावर विश्वास बसेना. पुन्हा फोन करून काय विचारणार? ‘खरं?’ म्हणून? तो शब्द मी कुठल्या तोंडाने वापरणार होते? मी रजेचा अर्ज टाकला आणि कराडची गाडी धरली. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी मुंगीच्या पावलाने चाललेली. आमच्या फाट्यावर उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

आई खळ्यात बाजेवर बसून बायकांवर देखरेख करत होती. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, आणि ते पांढरं प्लास्टरही पिवळं झालेलं. तिने मला बघितलं आणि लहान पोरीसारखा हात पदराखाली घेतला.

“बरं हाय म्हणालीस ना?”

“बरंच हाय की,” ती म्हणाली. “डावा हाय.”

“आई!”

“वल्या हळदीवरनं पाय घसरला. त्यात काय सांगायचं? सांगितलं असतं तर समदी वाट रडत आली असतीस.”

“आणि न सांगितल्यामुळे कशी आले, ठाऊक आहे?”

“कशी?”

मी खांद्यावरची पिशवी बाजेवर टाकली. तीच माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि हळूहळू तिच्या डोळ्यांत हसू आलं. “समदा येळ काळजात धाडधाड?”

“व्हय,” मी म्हटलं. माझ्या तोंडून आपोआप गावचा शब्द आला.

“मग? तुला आवडतं न्हवं तसं बघाय.” बायका हसल्या. त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं, आई हसली म्हणून हसल्या. मी तिच्या शेजारी बाजेवर बसले. हसावं की भांडावं हे मला ठरवता आलं नाही, म्हणून मी तिच्या चांगल्या हातातली काडी घेतली आणि एका हळकुंडात टोचून बघितली. आरपार गेली.

संध्याकाळी ओसरीवर टीव्ही लागला. नवीन मालिका. सासरच्या जाचाला कंटाळलेली एक शिकलेली सून, बॅग भरून दारात उभी. जाहिराती लागल्या. आई थोडा वेळ प्लास्टरवरची हळद नखाने खरवडत बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “बघ गं जरा त्या फोनात. ही पोरगी त्या घरातनं भाईर पडती का न्हाई.”

दोन वर्षांनी. मी चष्मा शोधायला लागले, तो डोक्यावरच होता.

“आन् खरं सांग,” ती म्हणाली.

घरात रेंज नव्हती. मी दारात जाऊन उभी राहिले, पान उघडलं, वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं. खोटं बोलावंसं त्या क्षणीही वाटून गेलं, हे कबूल करते.

“नाही पडत, आई,” मी म्हटलं. “अजून लय दिवस तिथंच राहते.”

जाहिराती संपल्या, सून परत पडद्यावर आली. आईने सुस्कारा टाकला, रिमोट माझ्याकडे सरकवला आणि भिंतीला टेकून पाय लांब केले.

“वाढीव आवाज,” ती म्हणाली. “आन् जरा बाजूला सरक. तिचं लुगडं दिसंना मला.”